वाढत्या शहराच्या कडेची जमीन: हिरवा रंग, ड्रेनेजची लाइन आणि बांधकामाचा हक्क

प्रश्न असा आहे: लोकसंख्या झपाट्याने वाढत असताना नगरपालिका, जिल्हा प्रशासन, महानगर प्राधिकरण अशा स्थानिक यंत्रणा शेतं, टेकड्या, पाणलोट कसे राखतात? आणि शहराभोवती हरित पट्टा, म्हणजे बांधकाम करू द्यायचं नाही अशी जमीन, जाहीर केला की काम भागतं का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. नाही भागत. जमीन-वापराच्या नियोजनात वीसेक वर्षं काढल्यावर माझी एक सवय झाली आहे. कुठेही गेलो तरी आधी रंगीत नकाशा बघत नाही, दोन कागद मागतो. एक, पुढच्या दहा वर्षांत पाणी आणि ड्रेनेजवर कुठे किती खर्च होणार आहे तो. दुसरा, राखायच्या जमिनीच्या मालकाच्या हातात आजवर काय दिलं आहे तो. हिरवा रंग भरायला एक सभा पुरते आणि पुसायलाही एकच पुरते.

हे अतिशयोक्तीने म्हणत नाही. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताने २००५ मध्ये टोरोंटो परिसराभोवती सुमारे वीस लाख एकरांचा हरित पट्टा कायद्याने राखला. जगभरच्या नियोजनकारांनी त्याचे दाखले दिले. २०२२ च्या अखेरीस प्रांतिक सरकारनेच घरांच्या टंचाईचं कारण देऊन त्यातल्या १५ ठिकाणचे मिळून सुमारे ७,४०० एकर बाहेर काढले. पुढच्या वर्षी महालेखापरीक्षकांच्या अहवालात आकडा आला: या एका निर्णयाने त्या जमिनींचं मूल्य ८३० कोटी कॅनेडियन डॉलरने वाढू शकत होतं. गदारोळ झाला, मंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं, निर्णय मागे घेतला गेला. पट्टा वाचला, पण रेघेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या भावात केवढी दरी असते ते साऱ्यांना दिसलं. एवढे पैसे एखाद्या रेघेवर टेकून उभे असतील, तर ती रेघ हलवायला कोणी ना कोणी रोज हात लावणारच.

आता पाइपबद्दल. शहर रस्त्यामागून वाढतं असं म्हणतात. मी पाहिलं आहे त्यावरून ते ड्रेनेजमागून वाढतं. सेप्टिक टाकीच्या भरवशावर एकरात किती घरं बसतील हे माती किती पाणी जिरवते त्यावर ठरतं, आणि तो आकडा फार नसतो. मोठी मलवाहिनी आली की तोच एकर दहा-पंधरा घरं सहज घेतो. एका सभेत मी बसलो होतो. भिंतीवरच्या नकाशात नदीपलीकडचा सगळा भाग ‘शेती’ म्हणून हिरवागार होता. त्याच सभेच्या विषयपत्रिकेत खाली कुठेतरी नदीच्या तळाखालून मलवाहिनी नेण्याच्या टेंडरचा विषय होता. पलीकडे दीडशे घरांची जुनी वस्ती, तिची सोय करायची, असं कारण लिहिलेलं. मी व्यास विचारला. ९०० मिलिमीटर. दीडशे घरांना २०० मिलिमीटरची लाइन पुरून उरते. बाकीचा पाइप कोणासाठी, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

आणि त्यात कुणाचा काळा डाव असायलाच हवा असं नाही. अभियंता प्रामाणिकपणे म्हणतो, एकदा खोदतोच आहोत तर पुढचं धरून टाकू. पण लाइन कर्जावर पडते, कर्जाचे हप्ते जोडण्यांच्या शुल्कातून फिटतात, आणि दीडशे जोडण्यांत ते फिटत नाहीत. म्हणजे सात-आठ वर्षांनी हिरवा रंग पुसायची घाई बिल्डरच्याही आधी पालिकेच्या लेखा विभागाला होते.

म्हणून ज्यांनी जमीन खरोखर राखली त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी सुरुवात नळापासून केली. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर शहराच्या पश्चिमेला डोंगर आहेत. १९५९ मध्ये तिथल्या नागरिकांनी मतदान करून शहराच्या सनदेतच घातलं की समुद्रसपाटीपासून ५,७५० फुटांच्या वर पालिकेचं पाणी द्यायचं नाही. डोंगरावर बांधायला बंदी घातली नाही, फक्त पाणी वर चढवणार नाही म्हणाले. बहुतेक उतार तेवढ्याने वाचला. अमेरिकेतल्याच केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन शहराने त्याच्या आदल्याच वर्षी, १९५८ मध्ये, नागरी सेवांची हद्द आखली होती: हद्दीत ड्रेनेज, हद्दीबाहेर घोड्यांची कुरणं. या पद्धतीला एक भोक आहे, ते आधीच बुजवावं लागतं. बिल्डर म्हणतो, तुमचं पाणी नको, माझी बोअर आणि माझा सांडपाणी प्लांट. त्याला परवानगी दिली की हद्दीला अर्थ उरत नाही, आणि काही वर्षांनी तो प्लांट बंद पडला की तिथले रहिवासी लाइन मागायला पालिकेच्याच दारात येतात.

पाइप रोखल्याने वेळ मिळतो. मालकाचा प्रश्न मात्र तसाच राहतो, आणि या विषयातली खरी गाठ तीच आहे. जमिनीची मालकी म्हणजे एकच हक्क नव्हे. कसण्याचा, विकण्याचा, वारसाला देण्याचा, कुणाला आत येऊ न देण्याचा आणि बांधण्याचा, असे ते वेगवेगळे हक्क असतात. शहराच्या कडेला यांतला फक्त बांधण्याचा हक्क महाग होतो. शेत म्हणून एकराला जे मोल असतं त्याच्या कितीतरी पट प्लॉट म्हणून असतं, आणि मधला सगळा फरक त्या एका हक्काचा. तेव्हा जमीन राखायची म्हणजे तो हक्क मालकाकडून काढायचा. फुकट काढायचा, विकत घ्यायचा, की दुसरीकडे हलवायचा, एवढाच निवडीचा भाग आहे. पट्टे, क्षेत्रं, आरक्षणं, करार ही नावं वेगळी, खाली व्यवहार हाच.

इंग्लंडने हा बांधण्याचा हक्क एका फटक्यात काढला. १९४७ च्या कायद्याने जमिनीवर विकास करण्याचा हक्क देशाचा झाला. मालकांच्या दाव्यांसाठी ३० कोटी पौंडांचा निधी ठेवला गेला. त्यानंतर तिथे बांधकामाची परवानगी नाकारली तर साधारणपणे भरपाई द्यावी लागत नाही. लंडनभोवतीचा हरित पट्टा टिकला याचं श्रेय लोक इंग्रजांच्या निसर्गप्रेमाला देतात. मी ते या कायद्याला देतो. महायुद्ध नुकतंच संपलेलं, शहरं नव्याने बांधायची होती, तशी राजकीय वेळ पुन्हा कुणाला मिळालेली नाही, त्यामुळे त्याची नक्कल करा असं मी कुणाला सुचवत नाही.

दक्षिण कोरियाने १९७१ मध्ये सोलभोवती पट्टा आखला आणि मालकांना काही दिलं नाही. लष्करी राजवट होती तोवर पट्टा कडक राहिला. लोकशाही आल्यावर मालक कोर्टात गेले. ज्यांच्या जमिनीचा काहीच उपयोग उरला नाही त्यांना भरपाई न देणं संविधानाला धरून नाही, असा निकाल तिथल्या संविधान न्यायालयाने १९९८ मध्ये दिला. पुढे काही मध्यम शहरांभोवतीचे पट्टे पूर्ण उठवले गेले. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याचीही तऱ्हा थोडीफार तशीच. १९७३ च्या राज्य कायद्याने प्रत्येक शहराला वाढीची हद्द आखावी लागली, शेतजमिनीवर घर बांधणं अवघड झालं. तीस वर्षं बरी गेली. मग २००४ मध्ये मतदारांनी कौल दिला: नियमामुळे जमिनीची किंमत पडली असेल तर भरपाई द्या, नाहीतर नियम सोडा. भरपाईला पैसे कुठून आणणार? नियमच सोडावे लागू लागले. २००७ मध्ये दुसऱ्या मतदानाने त्याला आवर घातला. मधल्या तीन वर्षांत हजारो दावे दाखल झाले होते. ज्याच्या पदरात काही पडलं नाही तो मालक तीस वर्षांनीसुद्धा विसरत नाही, हे मी माझ्या सहकाऱ्यांना नेहमी सांगतो.

विकत घेण्याची वाट सरळ पण खर्चिक. न्यूयॉर्क राज्यातल्या सफोक जिल्ह्याने १९७४ मध्ये शेतजमीन न घेता फक्त तिच्यावरचा बांधकामाचा हक्क विकत घेण्याची योजना आणली, अमेरिकेतली अशी पहिली. शेतकरी शेतकरीच राहतो, जमीन त्याच्याच नावावर, विकूही शकतो. घेणाऱ्याला तिथे वसाहत उठवता येत नाही, एवढंच. वॉशिंग्टन राज्यातल्या किंग जिल्ह्यात, म्हणजे सिएटलच्या भोवती, १९७९ मध्ये मतदारांनी यासाठी ५ कोटी डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली. बोल्डरने १९६७ मध्येच विक्रीकरात ०.४ टक्का फक्त मोकळ्या जमिनींसाठी वाढवून घेतला होता. आज त्या शहराकडे ४५ हजार एकरांहून अधिक राखीव जमीन आहे. यातली महत्त्वाची गोष्ट वर्ष आहे. सगळे लवकर निघाले. शहर दारात आल्यावर हक्काची किंमत इतकी चढलेली असते की पालिकेच्या तिजोरीत एखादं शेत मावतं, खोरं मावत नाही. लोकसंख्या दुप्पट होईल असा अंदाज छापून आला त्या वर्षी निधी उभा करायचा असतो. दुप्पट झाल्यावर फक्त समित्या उभ्या राहतात.

तिसरी वाट हक्क हलवण्याची, टीडीआर, म्हणजे एका जमिनीवरचा बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्यासाठी विकता येणं. शब्द बहुतेकांनी ऐकलेला असतो, हिशेब फार थोड्यांनी मांडून पाहिलेला असतो. वॉशिंग्टन शहराला लागून मेरिलँडमध्ये माँटगोमेरी जिल्हा आहे. १९७० च्या दशकात तिथे ग्रामीण भागात पाच एकरांना एक घर असा नियम होता. कागदावर विरळ वस्ती, प्रत्यक्षात सगळ्या शेतांचे पाच-पाच एकरांचे तुकडे. त्या तुकड्यावर ट्रॅक्टर वळवायलाही जागा कमी आणि शोभेच्या बागेला ती फार जास्त. १९८० मध्ये जिल्ह्याने सुमारे ९३ हजार एकर, म्हणजे जवळपास एक तृतीयांश जिल्हा, शेतीसाठी राखीव केला आणि नियम पंचवीस एकरांना एक घर असा कडक केला. मात्र मालकाला टीडीआर दिले ते जुन्या दराने, पाच एकरांना एक.

शंभर एकरांचं शेत धरा. जुन्या नियमाने वीस घरं झाली असती, नव्याने चार. मालकाच्या हाती वीस टीडीआर. चार घरांचा हक्क त्याने स्वतःकडे ठेवला तर सोळा विकायला मोकळे. ते घेतो स्टेशनजवळ, बाजारपेठेजवळ बांधणारा बिल्डर, कारण त्यांच्या जोरावर त्याला नेहमीपेक्षा जास्त घरं बांधता येतात. पैसे मालकाला मिळाले, सरकारच्या तिजोरीतून एक छदाम गेला नाही, आणि शेताच्या दस्तावर कायमची नोंद चढली. जिल्ह्याची लोकसंख्या १९८० मध्ये पावणेसहा लाखांच्या आसपास होती, २०२० मध्ये साडेदहा लाखांच्या वर गेली. राखीव पट्टा जागेवर आहे. नुसत्या टीडीआरमधून ५० हजार एकरांहून अधिक शेतजमीन कायमची राखली गेली आहे.

मग सगळीकडे हे का जमत नाही? योजना कोसळते ती बहुधा हक्क घेणाऱ्याच्या बाजूला. बिल्डरला जादा मजले दुसऱ्या दाराने मिळत असतील, थोडं शुल्क भरून, एखाद्या सवलतीतून किंवा नियम शिथिल करून, तर तो शेतकऱ्याकडे कशाला येईल? मी पाहिलेल्या बंद पडलेल्या योजनांत हेच होतं. टीडीआर छापले, वाटले, आणि त्याच वर्षी शहराच्या मध्यभागी मजले जवळपास फुकट वाटले. दुसरी अडचण जिथे हक्क उतरणार तिथल्या शेजाऱ्यांची. शेतं वाचवा म्हणणारेच लोक आपल्या गल्लीत सहा मजले नकोत म्हणून सह्या गोळा करतात. यात ढोंग नेहमीच नसतं. त्यांना गटार, शाळा, पार्किंग यांची भीती वाटते आणि ती बऱ्याचदा खरी असते. तेव्हा हक्क उतरवायच्या भागात आधी सोयी उतरवाव्या लागतात.

करसवलतीच्या योजना मी कमी भरवशाच्या मानतो. त्या जमीन राखत नाहीत, मालकाला थांबायची उसंत देतात. जपानमध्ये शहरातल्या शेतांना १९९१ च्या सुधारित कायद्याखाली मोठी करसवलत मिळाली, अट अशी की तीस वर्षं शेतीच करायची. बहुतेकांनी १९९२ मध्ये नोंद केली. म्हणजे २०२२ मध्ये बहुतेकांची मुदत एकदम संपणार होती. एवढी जमीन एका वर्षी बाजारात आली तर काय, या भीतीने २०१७ मध्ये दहा-दहा वर्षं वाढवायची सोय करावी लागली. तीस वर्षं हा काळ करारावर सही करताना फार लांब वाटतो. त्या वेळी पन्नाशीत असलेला शेतकरी मुदतीला ऐंशीचा असतो आणि मुलं दुसऱ्या शहरात.

आता वाढीकडे, कारण लोक येणारच आहेत. जमीन राखणाऱ्याने घरांचा हिशेब मांडला नाही तर घरं आपला हिशेब स्वतः मांडतात, आणि तो पट्ट्यापलीकडे मांडतात. सोलचा पट्टा टिकला, पण नवी शहरं त्याच्यावरून उडी मारून पलीकडे वसली आणि लोक रोज पट्टा ओलांडून कामाला येऊ लागले. बोल्डरचं मी वर कौतुक केलं, त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. जमीन राखली, उंचीची मर्यादा घातली, घरांच्या वाढीचा वेगही बांधला. घरं इतकी महाग झाली की तिथे काम करणारे हजारो लोक आसपासच्या गावांतून गाड्या चालवत येतात. त्यांनी ज्या गावांत घरं घेतली तिथली शेतं गेली. एका हद्दीत वाचलेली जमीन दुसऱ्या हद्दीत खर्ची पडली, आणि दोन्हीकडच्या अहवालांत हे कुठेच येत नाही.

ओरेगॉनमधल्या पोर्टलंड शहराची पद्धत या बाबतीत मला जास्त प्रामाणिक वाटते. तिथे वाढीची हद्द १९७९ पासून आहे, पण कायद्यानेच बंधन आहे की हद्दीच्या आत पुढच्या वीस वर्षांच्या घरांना पुरेल एवढी जागा असली पाहिजे आणि ठरावीक वर्षांनी ती मोजली पाहिजे. कमी पडली तर आत दाट बांधायची मुभा वाढवा किंवा हद्द थोडी सरकवा. हद्द हलते, पण मोजून हलते. कोपनहेगनने १९४७ च्या आराखड्यात तर गोल पट्टा काढलाच नाही. हाताच्या पाच बोटांसारखी रेल्वेमार्गांवर वाढ होऊ दिली आणि बोटांच्या मधली जमीन मोकळी ठेवली. वाढीला लांब जायला वाट असल्यामुळे मधल्या पाचरींवरचा दाब कमी झाला. डोंगर, समुद्र अशा अडचणी नसतील तर नव्या शहराला मी वर्तुळापेक्षा हाच आकार सुचवतो.

कोणती जमीन आधी राखायची यावर वाद फार होतात. थोडक्यात सांगतो: पाण्याची आधी, सलग असलेली नंतर, सुंदर असलेली शेवटी. हाँगकाँगमध्ये जवळपास ४० टक्के जमीन उद्यानांत राखलेली आहे, त्यातली बरीचशी मुळात जलाशयांच्या पाणलोटाची. न्यूयॉर्क शहराने १९९७ च्या करारानंतर शंभर-सव्वाशे मैलांपर्यंत दूर पसरलेल्या आपल्या धरणांच्या पाणलोटात राजीखुशीने विकणाऱ्यांकडून जमिनी घेतल्या, कारण त्याहून कितीतरी महाग असा गाळणी प्रकल्प टळत होता. निधी मागताना लेखा विभागापुढे असं उदाहरण ठेवावं. फुलपाखरांची यादी त्यांच्यापुढे चालत नाही, मला ती कितीही प्रिय असली तरी. सलगतेचं कारण साधं आहे. वीस एकर इथे, तीस तिथे अशी विखुरलेली शेतं वाचवली तर मधे घरं येतात, फवारणी आणि खताच्या वासाच्या तक्रारी सुरू होतात, अवजारं दुरुस्त करणारा गाशा गुंडाळतो, आणि कायद्याने राखलेल्या शेतात शेतीच उरत नाही.

आणि शेवटी पाहणी, जिच्यासाठी कुणी पैसे ठेवत नाही. एका जमिनीवरचा बांधकामाचा हक्क सार्वजनिक पैशाने घेतलेला होता. अकरा वर्षांनी मी तिथे पाहणीला गेलो. मूळ मालक वारलेला, जमीन दुसऱ्याकडे गेलेली. नोंदीत ‘अवजारांची शेड’ लिहिलेली एक इमारत होती. शेडला खिडक्या होत्या, खिडक्यांना पडदे होते, दारात लहान मुलाची सायकल. नवा मालक भला माणूस होता. म्हणाला, मी घेतली तेव्हा असंच होतं. परत येऊन फाइल काढली. दस्त होता, शिक्के होते, पण करार झाला त्या दिवशी जमिनीवर काय होतं याचं एकही छायाचित्र नव्हतं, मोजणीचा नकाशा नव्हता. त्याच्या वकिलाने दोन ओळींचं पत्र पाठवलं की इमारत करारापूर्वीची आहे. आमच्याकडे त्याला उत्तर नव्हतं. ते घर तिथे राहिलं. बदल्यात ओढ्याकाठचा एक पट्टा नांगराबाहेर ठेवायचं त्याने लिहून दिलं, तेवढंच पदरात पडलं.

आता हक्क विकत घेताना किमतीबरोबरच वीस वर्षांच्या पाहणीचा खर्च वेगळा काढून ठेवल्याशिवाय मी फाइल पुढे सरकवत नाही. सहीच्या दिवशी जमिनीच्या प्रत्येक कोपऱ्यातून चारही दिशांना छायाचित्रं काढायची, तारखेसह, मालकाच्या सहीने. विहीर, कुंपण, बांध, रस्ता सगळं त्यात आलं पाहिजे. शेड असेल तर तिच्या आतलंही.